कायनाइटची निळी पाती: तुटकी टोकं, आडव्या रेघा आणि असमान रंग कशामुळे

प्रश्न थोडक्यात असा. दख्खनच्या बेसाल्टातली झिओलाइट आणि अपोफिलाइट जमवणाऱ्या एका संग्राहकाने पांढऱ्या गारेत (क्वार्ट्झमध्ये) रुतलेल्या निळ्या कायनाइटचा नमुना विकत घेतला. पात्यांची टोकं तुटकी आहेत, निळा रंग मधोमध गडद आणि कडांना जवळजवळ नाहीसा झालेला, पात्यांवर आडव्या रेघा, आणि एक पातं तर चक्क वाकलेलं. हे खनिज तयार कसं होतं, नमुना खराब आहे की नकली, आणि त्यावरचे तांबूस डाग कसे काढायचे, असं विचारलं आहे.

वर्णनावरून नमुना अस्सल वाटतो. ज्या गोष्टी दोष म्हणून मोजल्या आहेत, त्यातल्या बहुतेक कायनाइट कुठे आणि कसं घडलं याच्या खुणा आहेत. घोटाळा मोजपट्टीचा आहे. स्टिल्बाइटसारखं झिओलाइट किंवा अपोफिलाइट बेसाल्टातल्या पोकळीत वाढतं. लाव्हारसात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या त्या जागा. त्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपतं आणि भिंतीवरून आत वाढणाऱ्या स्फटिकाला पुढे मोकळी जागा असते. म्हणून त्याचं टोक रेखीव येतं. कायनाइटच्या नशिबी ही मोकळी जागा नाही. ते घट्ट खडकाच्या आत, खडक घन असतानाच, शेजारच्या अभ्रकाला आणि गारेला बाजूला सारत किंवा त्यांच्यातलंच द्रव्य घेऊन वाढतं. अशा ठिकाणी नीट बनलेलं टोक मिळणं हा अपवाद असतो, आणि खडक फोडून पातं बाहेर काढताना तेही बहुधा मोडतं. तुटकं टोक पाहून झिओलाइटची किंमत निम्मी करतात तसं कायनाइटचं करू नये.

आता घडणीकडे. कायनाइट हे ॲल्युमिनियमचं सिलिकेट आहे: वजनाने सुमारे ६३ टक्के ॲल्युमिना आणि ३७ टक्के सिलिका. एवढं ॲल्युमिनियम मोकळं मिळायला मूळ माल तसा लागतो, आणि तो बहुतेक वेळा समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी साचलेला बारीक चिखल असतो. खडकांची झीज होताना कॅल्शियम आणि सोडियम पाण्याबरोबर वाहून जातात आणि ॲल्युमिनियम चिकणमातीत मागे राहतं. ही झीज पुरेशी झाली नसेल, तर शिल्लक राहिलेले कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियम पुढे सगळं ॲल्युमिनियम फेल्डस्पार आणि अभ्रक बनवण्यात वापरून टाकतात. मग दाब-तापमान कितीही जुळलं तरी कायनाइट होत नाही. एकाच टेकडीतल्या एका थरात कायनाइट खच्चून भरलेलं आणि हातभर अंतरावरच्या दुसऱ्या थरात त्याचा मागमूस नाही, असं दिसतं ते यामुळे.

दुसरी अट दाबाची. याच रासायनिक घटकांची तीन खनिजं आहेत: अँडालुसाइट, सिलिमनाइट आणि कायनाइट. घटक तेच, अणूंची मांडणी वेगळी. घनता पाहिली की मामला स्पष्ट होतो. पाण्याच्या तुलनेत अँडालुसाइट सुमारे ३.१५ पट, सिलिमनाइट ३.२४ आणि कायनाइट ३.५३ ते ३.६७. दाब वाढला की द्रव्य कमी जागेत बसणारी मांडणी टिकते, म्हणून तिघांपैकी जास्त दाबाचं खनिज कायनाइट. तिन्ही खनिजं एकत्र स्थिर राहू शकतात असा बिंदू साधारण ५०० अंश सेल्सिअस आणि ४ किलोबारच्या आसपास येतो. ४ किलोबार म्हणजे वातावरणाच्या जवळपास ४,००० पट दाब, जमिनीखाली सुमारे १५ किलोमीटर. तापमान ६०० अंशांवर गेलं, तर कायनाइट म्हणून टिकायला सुमारे ६ किलोबार, म्हणजे २० किलोमीटरहून जास्त खोली लागते. नुसता ग्रॅनाइटचा तप्त रस शेजारी घुसून खडक भाजला तर हा दाब मिळत नाही. तिथे अँडालुसाइट होतं. कायनाइटला पर्वत घडवणाऱ्या हालचाली लागतात: एक भूखंड दुसऱ्याखाली रेटला जाणं, कवच जाड होणं, वरचा थर खाली दाबला जाणं. हिमालयातल्या रूपांतरित खडकांत कायनाइट ठिकठिकाणी आढळतं ते याच कारणाने.

प्रत्यक्ष घडण एका झटक्यात होत नाही. चिकणमातीतलं केओलिनाइट तापत जातं तसं आधी पायरोफिलाइट होतं. पुढे साधारण ४०० अंशांच्या आसपास पायरोफिलाइट फुटून कायनाइट, गार आणि पाणी होतं. हा रस्ता फक्त फार ॲल्युमिनियम असलेल्या खडकांचा. नेहमीच्या अभ्रकी शिस्टमध्ये, म्हणजे पापुद्र्यांच्या रूपांतरित खडकात, कायनाइट उशिरा येतं. आधी गार्नेट, म्हणजे आपली तामडी, मग तपकिरी स्टॉरोलाइट, आणि ५५०-६०० अंशांच्या पुढे स्टॉरोलाइट आणि पांढरं अभ्रक यांच्या प्रक्रियेतून कायनाइट. जॉर्ज बॅरो या भूवैज्ञानिकाने स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात हा क्रम जमिनीवर आखून दाखवला. त्याचा निबंध १८९३ चा आहे. आजही एखाद्या शिस्टच्या तुकड्यात तामडी, स्टॉरोलाइट आणि कायनाइट एकत्र दिसले की तो खडक किती खोल आणि किती तापलेला होता याचा अंदाज हातात धरल्या धरल्या बांधता येतो. म्हणून मॅट्रिक्स, म्हणजे स्फटिकाला धरून असलेला खडक, फेकून देऊन सुटी निळी पाती ठेवणं हे मला नुकसानीचं वाटतं.

प्रश्नातला नमुना गारेत आहे, तर त्याबद्दल थोडं जास्त. शिस्टच्या आत वाढलेली पाती बहुधा लहान, अभ्रकाने गजबजलेली आणि मळकट असतात. पण खडक तापताना खनिजांतून सुटलेलं पाणी फटींमधून हिंडतं, सिलिका आणि थोडं ॲल्युमिनियम बरोबर नेतं आणि फट रुंद होईल तसं ते साठवत जातं. तिथे गारेची भिंगाच्या आकाराची पांढरी ढेपळं तयार होतात आणि त्यांच्यात कायनाइटची मोठी, स्वच्छ पाती वाढतात. ५ ते १० सेंटिमीटर लांबी तिथे सामान्य आहे. ब्राझीलच्या मिनास जेराइसमधून येणारे निळे-पांढरे नमुने याच जातीचे.

हा दगड उजेडात तिरका धरून १० पट भिंगाखाली पाहा. रुंद सपाट बाजूवर मोत्यासारखी झाक असते. ती बाजू म्हणजे उत्तम पाटनाची पातळी, जिथून पातं सहज सोलून निघतं. अरुंद बाजूवर दुसरं, जरा कमी प्रतीचं पाटन. या दोहोंमुळे पात्याच्या लांबीला समांतर बारीक पायऱ्या दिसतात. आडव्या रेघा निराळ्या. खडक दाबाखाली वळत असताना पात्याची आतली रचना ठिकठिकाणी किंचित दुमडते आणि त्या जागी आडवी फूट पडायची प्रवृत्ती राहते. रेघ पात्याच्या अंगात शिरलेली, शेजारच्या पात्यावरही त्याच दिशेची आणि गारेत मात्र नाहीशी होणारी असेल, तर ती घडणीची. ताजी आदळल्याची चीर वेगळी दिसते: ती गारेतूनही पुढे जाते, तिच्या कडेला पांढरा भुगा असतो आणि भिंगाखाली इंद्रधनुषी रंग चमकतात. वाकलेलं पातं हे तर त्या हालचालीचं थेट चिन्ह. वाकण सावकाश झालं, म्हणून पातं न तुटता वळलं. असं पातं मी सरळ पात्यापेक्षा वरचं मानेन.

निळा रंग शुद्ध कायनाइटचा नव्हे. शुद्ध कायनाइट रंगहीन असतं. त्यात लोह आणि टायटॅनियम अत्यल्प प्रमाणात शिरतं आणि या दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनची देवघेव होताना लाल-पिवळा उजेड शोषला जातो. नीलमाचा निळाही याच देवघेवीतून येतो. वाढीच्या काळात ही मूलद्रव्यं सारखी मिळत नाहीत, त्यामुळे मधोमध गडद पट्टा आणि कडा फिक्या, हा कायनाइटचा नेहमीचा पेहराव आहे. उलट, टोकापासून टोकापर्यंत एकसारखं गडद निळं स्वस्त पातं दिसलं, तर मी आधी रंग दिल्याचा संशय घेईन. शिवाय पातं फिरवलं की रंग बदलतो: एका दिशेने गडद निळा, दुसऱ्या दिशेने जांभळट, तिसरीकडून जवळजवळ पारदर्शक. टांझानियातल्या लोलिओंडोचं कायनाइट मँगनीजमुळे नारिंगी असतं. ग्राफाइटच्या कणांनी भरलेलं राखाडी किंवा काळपट असतं.

कडेला पांढरट, रेशमी साल दिसत असेल, तर तोही मळ नव्हे. खडक वर येताना थंड होत गेला, त्यात पाणी शिरलं आणि कायनाइटच्या कडा बारीक अभ्रकात बदलल्या. घासून ती निघत नाही; खरवडली तर आतलं पातं उघडं पडून ओरखडतं. इथे एक रास्त शंका येते: वर येताना दाब कमी झाला, मग कायनाइटचं अँडालुसाइट का झालं नाही? झालं पाहिजे होतं, पण थंड खडकात अणूंना जागा बदलण्याइतकी ऊर्जा उरत नाही. आपल्या कपाटातलं कायनाइट त्या अर्थाने अस्थिर आहे, तरी कोट्यवधी वर्षं तसंच राहतं.

ओळख पटवायची सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे दोन काठिण्यं. कायनाइटच्या आत ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या साखळ्या पात्याच्या लांबीने, मोळीतल्या काटक्यांसारख्या एकमेकींना समांतर बांधलेल्या असतात. लांबीच्या दिशेने ओरखडलं तर मोहसच्या १ ते १० मापनावर काठिण्य ४.५ ते ५ भरतं, आडवं ओरखडलं तर ६.५ ते ७. चांगल्या पोलादी सुईचं काठिण्य या दोहोंच्या मध्ये पडतं. नमुन्याच्या मागच्या बाजूला तुटलेली चपटी कपची शोधा, रुंद सपाट बाजूवर सुई लांबीने हलकेच ओढा, रेघ उमटेल. तीच सुई तेवढ्याच दाबाने आडवी ओढा, ती घसरेल आणि फार तर पोलादाचा करडा ठसा सोडेल, जो बोटाने पुसता येतो. हा प्रयोग पुढच्या दर्शनी पात्यावर कधीही करू नका. रेघ कायमची राहते.

सुटं पातं असेल तर घनता काढा, ओरखडाही पडत नाही. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान काटा पुरतो. आधी पातं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा, पातं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका आणि आकडा वाचा. कोरडं वजन २५.२ ग्रॅम आणि बुडवल्यावर आकडा ७.० ग्रॅम, तर भागाकार ३.६ येतो. ते कायनाइट. पात्याला हवेचे बुडबुडे चिकटले, तर बुडवल्यावरचा आकडा वाढतो आणि घनता खोटी कमी दिसते, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घाला. गार चिकटलेली असेल तर ही चाचणी फुकट, कारण गारेची घनता २.६५ आहे आणि सरासरी खाली ओढली जाते.

याच दोन चाचण्यांवर बहुतेक तोतये गळतात. निळी काच २.५ च्या आसपास, सोडालाइट सुमारे २.३, निळं टुर्मलीन ३.१ च्या घरात आणि त्याचा आडवा छेद गोलसर त्रिकोणी. ड्युमॉर्टिएराइट जास्त फसवं, घनता ३.३ ते ३.४, पण ते तंतुमय असतं, रुंद सपाट पाती देत नाही. पैलू पाडलेल्या खड्यात फसवणुकीची दिशा बदलते. कायनाइटचा चांगला खडा नीलमाच्या फार जवळ दिसतो आणि नीलम म्हणून गळ्यात मारलाही जातो. नेपाळच्या जाजरकोट भागातलं कायनाइट तर रंगाने खरोखर नीलमाच्या तोडीचं असतं. रत्नपरीक्षकाकडे वक्रीभवनांक पाहून घ्या: कायनाइट १.७१ ते १.७३, नीलम १.७६ ते १.७७. घनतेतही फरक आहे, नीलम ४.० भरतो. आणि कायनाइटचा खडा अंगठीत रोज वापरण्याजोगा नाही. एकदा दारावर आपटला की पाटनातून दुभंगतो. लोलक किंवा कानातल्यात चालतो.

आता तांबूस डाग. ते लोहाचे आहेत, शिस्टमधलं लोह गंजून पाटनाच्या फटींत बसलेलं. आधी साधं पाणी, साबणाचा थेंब आणि मऊ दात घासायचा ब्रश, तोही पात्याच्या लांबीने. आडवा ब्रश फिरवला की सोललेल्या कपच्या अडकून उचकटतात. पाण्याचा जोराचा फवारा, वाफ आणि अल्ट्रासॉनिक यंत्र तिन्ही वर्ज्य. ज्या फटी अजून बंद आहेत त्या उघडतात. एवढ्याने समाधान होत असेल तर तिथेच थांबा. थोडा गंज असलेला नमुना ॲसिडने उजाड झालेल्या नमुन्यापेक्षा बरा.

डाग फारच असतील तर ऑक्झॅलिक ॲसिड, एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या डब्यात, घरच्या तापमानाला. पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड घ्या. नळाच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम या ॲसिडशी मिळून पांढरी, न विरघळणारी साय नमुन्यावर बसवतं, आणि ती काढणं मूळ डागापेक्षा कठीण. नमुना आधी रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, म्हणजे फटी पाण्याने भरतात आणि ॲसिड फार आत शिरत नाही. मग ॲसिडमध्ये ठेवून दर १२ तासांनी पाहा. एक-दोन दिवसांत डाग फिका व्हायला हवा. नंतर तितक्याच निगुतीने धुणं: स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाणी बदला, असं तीन-चार दिवस. धुण्यात कसूर झाली तर फटींतून पिवळा लोह-ऑक्झॅलेट वर येतो. गडद अभ्रक किंवा हिरवं क्लोराइट असलेल्या मॅट्रिक्सवर हे ॲसिड वापरू नका, ती खनिजं फिकी पडतात. ऑक्झॅलिक विषारी आहे: हातमोजे, चष्मा, हवेशीर जागा, स्वयंपाकाची भांडी नाहीत. गरम करायचं नाही, वाफ घशाला लागते. फरशी साफ करायच्या हायड्रोक्लोरिकच्या वाटेला जाऊच नका. कायनाइटला ते काही करत नाही, पण मॅट्रिक्समधलं कॅल्साइट खातं, सुटलेलं लोह फटींत पसरवतं आणि आठवड्याने दगड पूर्वीपेक्षा पिवळा दिसतो.

विकत घेताना दुसरी खबरदारी डिंकाची. सुटी पाती गारेच्या तुकड्याला चिकटवून ‘मॅट्रिक्सवरचा’ नमुना करतात. ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही बॅटरीने अंधारात पाहा. एपॉक्सी बहुधा निळसर-पांढरं चमकतं आणि बुडाशी त्याची रेघ उठून दिसते. काही कायनाइट क्रोमियममुळे स्वतःच मंद लाल चमकतं, तो डिंक नव्हे. खऱ्या जोडणीत गार पात्याच्या कडेला घट्ट बिलगलेली असते, कधी पात्याच्या फटीत शिरलेली असते. रंगाचा संशय असेल तर ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस मागच्या बाजूला फिरवा. निळा उतरला की विषय संपला. तेल लावलेलं असेल तर टिश्यू पेपरवर डाग येतो.

मॅट्रिक्स छाटायचा असेल तर हातोडा-छिन्नी नको. स्क्रूचा दाब देणारा ट्रिमर वापरा आणि दाब पात्यांपासून निदान ३ सेंटिमीटर दूर, शिस्टच्या पापुद्र्यांना समांतर द्या. पापुद्र्यांना आडवा दाब दिला की धक्का नेमका पात्यांच्या आडव्या रेघांवर जातो आणि पाती मोडतात. भुसभुशीत शिस्ट सुटत असेल, तर पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचं ॲसिटोनमधलं ५ टक्के द्रावण मागच्या बाजूने थेंब थेंब पाजा. ते नंतर ॲसिटोननेच काढता येतं; सुपरग्लू असा सहज निघत नाही. साठवताना कापसात गुंडाळू नका, तंतू पाटनाच्या कडांत अडकून कपच्या ओढतात. पातं आडवं, पूर्ण लांबीला आधार मिळेल असं फोमच्या खाचेत ठेवा.

झिओलाइटकडून इकडे वळणाऱ्याने कोणते नमुने पाहावेत? स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागातलं पिझ्झो फोर्नो हे पहिलं नाव: पांढऱ्या, बारीक अभ्रकी शिस्टमध्ये निळं कायनाइट आणि तपकिरी स्टॉरोलाइट, कधी दोघं एकमेकांना समांतर जोडून वाढलेले. ते महाग असतात. त्यापेक्षा जवळचा आणि शिकण्यासारखा नमुना कर्नाटकातला आहे. हिरव्या क्रोमियमयुक्त अभ्रकात लाल माणकाचे षट्कोनी ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिक्या निळ्या कायनाइटचं कडं. माणिक म्हणजे नुसतं ॲल्युमिना, त्याला भोवतालची सिलिका मिळाली आणि सीमेवर कायनाइट झालं. ती प्रक्रिया मध्येच थांबलेली आपण त्या कड्यात पाहतो. घेताना तो तुकडा घ्या ज्यात कडं तुटक नसून पूर्ण फिरलेलं आहे.

महाराष्ट्रातलं कायनाइट मात्र बेसाल्टात शोधायचं नाही. ते भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या जुन्या रूपांतरित खडकांत आहे. दहेगाव-पिंपळगाव पट्ट्यात ते सिलिमनाइट, पायरोफिलाइट, पांढरं अभ्रक, टुर्मलीन यांच्या संगतीने येतं, आणि त्या भागात कुरुविंद (ज्याची लाल जात म्हणजे माणिक) आणि ड्युमॉर्टिएराइटही नोंदलेलं आहे. तिथला माल मुख्यतः भट्टीच्या विटांसाठीचा: भरीव, राखाडी-निळसर, गुंतलेल्या पात्यांचा. झारखंडातल्या लाप्साबुरूचंही तसंच. विटा करण्याआधी तो भाजून घ्यावा लागतो, कारण सुमारे १३०० अंशांपुढे कायनाइटचं मुलाइट (उष्णता सोसणारं ॲल्युमिनियम सिलिकेट) आणि सिलिका होताना आकारमान १५ ते १८ टक्क्यांनी वाढतं. संग्राहक सहसा या राखाडी तुकड्यांकडे पाहत नाहीत, पण कायनाइट, सिलिमनाइट आणि पायरोफिलाइट एकाच हातनमुन्यात असलेला भंडाऱ्याचा तुकडा मला शोकेसमधल्या सुट्या निळ्या पात्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. खाणीच्या हद्दीत पट्टेधारकाच्या परवानगीशिवाय काही उचलू नका. आणि तुकडा मिळाला तर गाव, खडकाचा प्रकार आणि सोबतची खनिजं पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून ती त्याच डबीत ठेवा. शाईची चिठ्ठी दमटपणात पुसते.